दिघीच्या खोलीतून कबड्डी

विजयश्रीचा आवाज गोड कधीच नव्हता. भोसरीत वाढलेली, दहा वर्षं, आधी जिल्ह्याच्या आणि मग राज्याच्या, संघाचा उजवा कोपरा सांभाळलेली बाई. मैदानावर ओरडून तिचा घसा असा काही बसला होता की फोनवर अनोळखी माणूस तिला हमखास 'सर' म्हणायचा. सत्ताविसाव्या वर्षी गुडघा गेला. खेळ सुटला. पुढे लग्न झालं, ती दिघीला राहायला आली, एका पतसंस्थेत कारकुनी करू लागली, आणि कबड्डी हा विषय तिने स्वतःच बंद करून टाकला.

तो उघडला गेला एका चाचणीमुळे. खेळ दाखवणाऱ्या एका मोठ्या वाहिनीला मराठीतून कबड्डीचं समालोचन करणारी, स्वतः खेळलेली बाई हवी होती. पुण्यात चाचणी होती. जुन्या मैत्रिणीने बळेबळे नेलं. तिथे एका पडद्यावर आवाज बंद करून सामना लावला होता आणि प्रत्येकाने त्यावर दोन मिनिटं बोलायचं होतं. बाकीच्यांनी 'जोरदार चढाई', 'जबरदस्त पकड' असलं भरपूर ऐकवलं. विजयश्री आधी चढाईपटूचे पाय बघत राहिली, आणि मग म्हणाली, "ही मुलगी आता बोनस रेषेचा गुण घेणार नाही. घ्यायचा असता तर टाच एव्हाना उचलली असती." मुलीने बोनस घेतला नाही. परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं.

त्यानंतरची नऊ वर्षं तिच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं होती असं ती स्वतः सांगते. गणराज नावाचे साताऱ्याकडचे जुने समालोचक तिच्या जोडीला असायचे. ते सामना सांगायचे, ती सामन्याचं मर्म सांगायची. सामन्याच्या आधी तासभर ती मॅटवर जाऊन यायची, मुलींशी बोलायची, कुणाच्या पायाला पट्टी आहे, कुणाचं आज जेवण नीट झालेलं नाही, सगळं डोक्यात साठवायची. तिचा नवरा रणजीत चाकणला गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर. कँटीनमध्ये ताट घेऊन बसला की पोरं विचारायची, "राव, वहिनी काल म्हणाल्या तसंच झालं की! त्यांना आधीच कसं कळतं?" रणजीत नुसता हसायचा. घरी येऊन मात्र प्रत्येक शब्द तिला सांगायचा.

मग वाहिनीने क्रिकेटचे हक्क घेतले.

पाच वर्षांचे हक्क. बोली इतकी चढत गेली की शेवटचा आकडा पेपरात वाचून रणजीत म्हणाला, "एवढ्यात आमच्यासारख्या दहा कंपन्या उभ्या राहतील गं." मुंबईच्या ऑफिसात केक कापला, सगळ्यांना निळे टी-शर्ट वाटले. विजयश्रीलाही एक मिळाला. दोन महिन्यांत त्या आनंदाचा रंग उतरला. जाहिराती अपेक्षेएवढ्या मिळाल्या नाहीत, आणि क्रिकेटवर ओतलेला पैसा भरून काढायला बाकीच्या खेळांच्या ताटातलं उचलायला सुरुवात झाली. कबड्डीच्या सामन्याला आठ कॅमेरे असायचे, त्याचे चार झाले, मग दोन. रिप्लेच्या मशीनवर बसणारे दोघे होते. त्यातला एक गेला, आणि दुसरा आता फक्त क्रिकेटला. एका सोमवारी गणराज यांना ईमेल आला. पंचवीस वर्षं बोलणाऱ्या माणसाला निरोप द्यायला चार ओळी पुरल्या.

"तुम्ही तेवढं टिकून राहा," ते तिला फोनवर म्हणाले. "एक तरी मराठी आवाज राहू दे."

पुढचा फोन निरंजनचा. हा वाहिनीतला निर्मितीप्रमुख, पस्तिशीतला, सतत धावपळीत, पण माणूस वाईट नव्हे. तो म्हणाला, "ताई, यंदाच्या महिला लीगला कुणालाच प्रवास नाही. तुम्हाला लॅपटॉप आणि हेडफोन कुरिअरने पाठवतो. चित्र तुमच्याकडे येईल, तुम्ही घरून बोलायचं. आणि एक लक्षात ठेवा, तुम्ही घरी आहात हे प्रेक्षकांना कळता कामा नये. हॉलमधला आवाज आम्ही मागे मिसळतो."

"निरंजन, मला मॅट दिसायला पाहिजे रे. कोपऱ्यातलं काय कळणार मला घरून?"

"नाहीतर मराठी फीड, म्हणजे मराठीतलं प्रक्षेपणच बंद करा म्हणतायत वरचे."

तिने होकार दिला. मराठी फीड टिकावं म्हणून दिला, असं तिने सगळ्यांना सांगितलं. पण तेवढंच नव्हतं. भाजी घेताना कुणी वळून म्हणायचं, "तुम्ही त्या टीव्हीवरच्या ना?" ते सुटेल की काय याची तिला भीती होती. हे तिने पुढे कधीतरी रणजीतजवळ कबूल केलं.

दिघीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या आतल्या खोलीचा स्टुडिओ झाला. खिडकीबाहेर लष्कराच्या हद्दीची भिंत. पलीकडे कधी कधी सराव चालायचा आणि धडाधड आवाज यायचे. दुसऱ्या बाजूने आळंदीकडे जाणाऱ्या गाड्या. रणजीतने खिडकीला गादी लावली, दाराला सासूच्या हातच्या गोधड्या टांगल्या, शेजारणीला सांगितलं, सहा ते आठ मिक्सर लावू नका. पंखा बंद. घामाने निथळत विजयश्री पंधरा इंचाच्या पडद्याकडे बघत बोलायची, "नमस्कार, नाशिकच्या या खचाखच भरलेल्या हॉलमधून तुमचं स्वागत!" पहिल्या दिवशी हे वाक्य बोलताना तिची जीभ अडखळली. तिसऱ्या दिवशी अडखळली नाही.

लीगचा उपांत्य सामना शनिवारी होता. त्यातल्या एका संघाची डावी कोपरारक्षक होती सृष्टी. चाकणजवळच्या काळूस गावची, शेतकऱ्याच्या घरातली पोर, वीस वर्षांची. भोसरीच्या उन्हाळी शिबिरात विजयश्रीने तिला तीन वर्षं शिकवलं होतं. घोटा कसा धरायचा, धरल्यावर मान कशी आत घ्यायची, हे सगळं या बाईनेच तिला हाताला धरून दाखवलेलं.

शेवटची दोन मिनिटं उरली होती. सृष्टीचा संघ तीन गुणांनी पुढे. समोरची चढाईपटू आत आली, सृष्टीने घोट्यावर झेप घेतली, दोघी-तिघी एकमेकींवर पडल्या, आणि चढाईपटू सुटून मध्यरेषेकडे धावली. मुख्य कॅमेरा तिच्यामागे गेला. दुसरा कॅमेरा पंचांवर होता. कोपऱ्यात काय झालं ते कुठल्याच कॅमेऱ्यात नव्हतं. चित्र परत फिरलं तेव्हा सृष्टी पालथी पडलेली दिसली. पडद्यावरचं चित्र मध्येच फुटत होतं.

"निरंजन, रिप्ले दे," विजयश्रीने प्रक्षेपणात जाणारा आवाज बंद करून विचारलं.

"रिप्लेला कुणी नाहीये, ताई. जाहिरातीला अजून चाळीस सेकंद. बोलत राहा. भरा, भरा!"

ती भरत गेली. पुढे असलेला संघ, दोन मिनिटं बाकी, कोपऱ्यात पडून राहिलेली खेळाडू. हे चित्र तिने आयुष्यात शंभर वेळा पाहिलं होतं, चार वेळा स्वतः केलंही होतं. ती हसून म्हणाली, "आता बघा, दोन गुण गेले तरी एका गुणाची आघाडी आहे आणि आमच्या सृष्टीला अगदी गाढ झोप लागलीय! वेळ काढायचा हा जुना डाव. मीच शिकवलाय तिला, मला काय सांगते! चल, ऊठ सृष्टी, नाटक पुरे!"

मग सिमेंटची जाहिरात लागली. त्यानंतर रंगाची. चित्र परत आलं तेव्हा पडद्याच्या अगदी कडेला, अर्धवट कापलेलं स्ट्रेचर जाताना दिसलं. विजयश्री पडद्याच्या जवळ सरकली. "भरा," निरंजन कानात म्हणाला. पण या वेळी त्याचाही आवाज उतरला होता.

चढाईपटूचा गुडघा सृष्टीच्या मानेवर बसला होता. नाशिकलाच ऑपरेशन झालं. जीव वाचला, पाय शाबूत राहिले. उजवा हात मात्र जवळजवळ गेल्यातच जमा होता. पुन्हा मैदानावर उतरायचं नाही, हे डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं.

त्या चाळीस सेकंदांचा तुकडा रविवारी सकाळपर्यंत फोनाफोनांतून फिरला. पालथ्या पडलेल्या सृष्टीचं चित्र आणि मागे विजयश्रीचं हसणं. रणजीतच्या लाइनवरची पोरं त्या दिवसापासून कँटीनमध्ये त्याच्या टेबलाशी बसली की दुसऱ्याच गोष्टी बोलू लागली. लोकांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं.

विजयश्रीने निरंजनला फोन केला. "मला अंतिम सामन्याच्या आधी दोन वाक्यं बोलू दे. माफी मागते."

"कायदा विभाग नाही म्हणतोय. या विषयावर वाहिनीतर्फे कुणी काही बोलायचं नाही."

"वाहिनीतर्फे नाही रे. माझ्यातर्फे."

"ताई, तुमचा आवाज म्हणजे वाहिनीचाच आवाज."

तिने फोन ठेवला. मंगळवारी अंतिम सामना होता. गादी, गोधड्या, पंखा बंद, सगळं नेहमीसारखं झालं. रणजीतने तिच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि दार ओढून घेतलं. सुरुवातीची धून संपली. तिने माईक सुरू केला आणि सरळ बोलायला लागली.

"मी विजयश्री. मी नाशिकच्या हॉलमध्ये नाही. मी दिघीत माझ्या घरातल्या खोलीत बसलेय. शनिवारीही इथेच होते. सृष्टी कशी पडली ते मला दिसलं नव्हतं. दिसलं नाही असं म्हणायला पाहिजे होतं, ते मी म्हटलं नाही. दिसल्यासारखं बोलले. त्या पोरीची आणि तिच्या..."

इथे तिचा आवाज तोडला गेला. पुढचा सगळा सामना मराठी प्रेक्षकांनी नुसत्या गर्दीच्या आवाजावर पाहिला. हेडफोनमध्ये काहीच येत नव्हतं, तरी ती बराच वेळ तो कानाला लावून बसून राहिली. रणजीत आत आला, त्याने पंखा लावला.

निरंजनचा फोन दुसऱ्या दिवशी आला. ती शिव्या खायच्या तयारीत होती. पण तो थकल्यासारखा म्हणाला, "ताई, एक सांगू? तुम्ही गप्प बसला असता तरी काही वाचलं नसतं. मराठी फीड या महिन्याअखेर बंद करायचं हे कधीच ठरलं होतं. मला माहीत होतं. सांगायची परवानगी नव्हती."

"आणि तू?"

"मीही चाललोय. आमच्या मजल्यावरचे अकरा जण."

तिला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. ती फक्त एवढंच म्हणाली, "जेवलास का?"

सृष्टीला घरी आणल्याचं कळलं तेव्हा सव्वा महिना उलटला होता. विजयश्री चाकणपर्यंत बसने गेली, तिथून रिक्षा केली. वाटेत दोनदा तिला परत फिरावंसं वाटलं. काळूसच्या त्या घरापुढे कांदा साठवायची बराख होती, शेजारी ट्रॅक्टर. ओट्यावर सृष्टीची आजी, भिमाबाई, लसूण सोलत बसली होती. सून भाजी घेऊन बाजाराला गेली होती आणि मुलगा आदिनाथ, सृष्टीचा बाप, कंपनीत पहिल्या शिफ्टला.

विजयश्रीने नमस्कार केला, "आजी, मी भोसरीची विजयश्री," एवढंच म्हणाली. म्हातारीने मान वर केली. आवाज ओळखला.

"तूच व्हय ती? टीवीतली?"

"हो."

"बस."

म्हातारी पुन्हा लसूण सोलू लागली. लसणाची सालं वाऱ्याने ओट्यावर पसरत होती. मग ती सांगायला लागली, खालीच बघत.

"त्या दिशी आमी समदी हितं टीवीम्होरं होतो. पोरगी पडली. मपला जीव खालीवर झाला. आदिनाथ उठून उभाच ऱ्हायला. अन् तवा तू म्हणाली, नाटक हाय. आमी हसलो गं. आदिनाथ म्हणला, ताई म्हणत्यात म्हंजी काय बी झालेलं न्हाई, ताईंनीच शिकवलंय तिला. सून चा ठेवाया गेली. मी गुरांकडं गेले. तासाभरानं फोन आला." ती थांबली. "तू काय बी बोलली नसती ना, तर आमी लगी फोन केला आसता. तासभर पोरगी तिकडं येकटी, अन् आमी हितं चा प्यालो."

विजयश्रीला रडू आवरेना. म्हातारीने तिला गप्प केलं नाही, हाकललंही नाही. पदराने हात पुसले आणि म्हणाली, "आत हाय ती. जा. तिच्याम्होरं रडत नको जाऊस."

सृष्टी कॉटवर उशीला टेकून बसली होती. मानेला पट्टा, उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. विजयश्रीला बघून ती हसली, आणि ते हसणं विजयश्रीला सगळ्यात जड गेलं.

"ताई, मी ऐकलं ते," सृष्टी म्हणाली. "दोन्ही ऐकलं. ते पण आणि अंतिम सामन्याचं पण. ते जाऊ द्या. मला एक सांगा. मी तिला धरली होती का?"

"काय?"

"घोटा हातात आला होता माझ्या. मला आठवतंय तसं. ती सुटायच्या आधी तिचा हात मॅटबाहेर टेकला असं मला वाटतं. मग तो गुण आमचा होता. हरलो ते एका गुणाने. आम्ही अंतिम सामन्यात गेलो असतो. मी सगळ्यांना विचारलं. मुली म्हणतात, गडबडीत कळलं नाही. पंच फोन घेत नाहीत. रेकॉर्डिंग मागितलं, तर तेवढंच दिसतं, कॅमेरा तिच्या मागे गेलाय. तुमची नजर पक्की आहे, ताई. तुम्हाला काय दिसलं?"

मुलीचे डोळे तिच्यावर खिळले होते. 'हो, धरली होतीस' एवढं म्हटलं असतं तर त्या खोलीतलं काहीतरी हलकं झालं असतं. कुणी खोटं पाडणारं नव्हतं.

"मला दिसलं नाही गं," विजयश्री म्हणाली. "मला काहीच दिसलं नाही."

सृष्टीने मान हलवायचा प्रयत्न केला, पट्ट्यामुळे हलली नाही. "बरं," ती म्हणाली, आणि खिडकीकडे बघत राहिली.

त्या दिवशी निघताना विजयश्रीने ओट्यावर थांबून भिमाबाईला विचारलं, हाताच्या व्यायामाला चाकणला नेतं कोण? कुणाला सवड मिळेल तो, म्हातारी म्हणाली. कधी खाडा पडतो. दर मंगळवारी मी येईन, असं सांगून विजयश्री गेली. पुढच्या मंगळवारी सृष्टी कपडे करून तयार होती.

आता त्याला आठ महिने झाले. विजयश्री मोशीच्या एका खासगी शाळेत कंत्राटी क्रीडाशिक्षिका आहे. मंगळवारी तिला सुट्टी मिळते, त्याचा पगार कापतात. मध्यंतरी गणराज यांचा फोन आला होता. ते मारुंजीला नव्या इमारतींच्या उद्घाटनात सूत्रसंचालन करतात. एका मोबाइल ॲपला मराठी समालोचक हवे होते म्हणून त्यांनी तिचं नाव सुचवलं होतं.

"मैदानावर नेणार का?" तिने विचारलं.

"छे हो. घरूनच. आता सगळं घरूनच असतं."

"मग नको, सर."

रणजीत शेजारीच बसला होता. त्याच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद झालेला, हे दोघांनाही ठाऊक होतं. पेपराचं पान त्याने उलटलं, एवढंच.

महिला लीग यंदा झाली नाही. पुढच्या वर्षी होईल असं कुणी म्हणतही नाही. सृष्टीच्या उजव्या हाताच्या तीन बोटांत जोर आला आहे, दोनांत अजून नाही. ती डाव्या हाताने लिहायला शिकते आहे. मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरलाय.

परवा चाकणच्या त्या दवाखान्यात दोघी बाकावर नंबराची वाट बघत बसल्या होत्या. भिंतीवरच्या टीव्हीवर क्रिकेट चाललं होतं, हिंदीतून. समालोचक अगदी रंगात आला होता, गवताचा वास येतोय म्हणत होता. सृष्टी थोडा वेळ ऐकत राहिली.

"ताई, हा तरी तिथे असेल का हो?"

विजयश्रीने पडद्याकडे पाहिलं. "काय सांगू," ती म्हणाली. "आवाजावरून नाही कळत."

आतून नंबर पुकारला. सृष्टीने डाव्या हाताने बाकाचा कठडा धरला आणि उठली. विजयश्री फाइल घेऊन तिच्यामागे आत गेली.